न कळणारा आवाज शैतानाचाच असतो का?

गेल्या महिन्यात आमच्या शिवथर खोऱ्याच्या परिसरातल्या एका जमातीकडून मला निरोप आला. इशाच्या नमाजनंतर तरुण मुलांसमोर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. विषय ठरलेला होता: ‘शैतानी संगीत आणि आपली मुलं’. मी उर्दू-मराठीचा शिक्षक. वक्ता नव्हे, पण मुलांसाठी कुणी बोलावलं तर सहसा नाही म्हणत नाही. या वेळी म्हटलं. ते काहींना आवडलं नाही. ‘सर स्वतःच ऐकायला लागले वाटतं’ असा टोमणाही फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचला.

हो, ऐकायला लागलो. म्हणूनच नाही म्हटलं. न ऐकता निकाल देणं मला जमत नाही.

विषय निघाला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावरून. मुलगा आता महाडला बारावीत आहे. वडील कुवेतहून सुट्टीवर आले होते. एका रात्री पोराच्या कानातला इयरफोन काढून त्यांनी स्वतःच्या कानाला लावला आणि हादरले. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन माझ्या दारात. म्हणाले, “सर, तुम्हीच ऐका. हा माणूस ओरडतोय की जिन?”

मी ऐकलं. खरं सांगायचं तर दोन मिनिटांत मीही इयरफोन काढला. माझ्या कानांना तो आवाज सोसला नाही. मोबाइलवर बँडचं नाव होतं स्क्राइब. मी पोराला विचारलं, “यात तुला कळतं काय?” तो खाली बघत म्हणाला, “सर, तुम्ही पहिल्यांदा गालिब शिकवलात तेव्हा मला काय कळलं होतं? तुम्हीच म्हणालात, दहा वेळा वाच, मग बोल.”

आपलंच वाक्य आपल्यावर उलटलं की शिक्षकाला दोनच रस्ते उरतात. डाफरणं किंवा ऐकणं. मी दहा वेळा ऐकलं. आता बोलतो.

या प्रकाराला मेटलकोर म्हणतात. दोन घराण्यांची ती सोयरीक आहे. एक घराणं हेवी मेटलचं, जड आणि घोटून बसवलेल्या गिटारचं. दुसरं हार्डकोर पंकचं. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या तरुण पोरांनी ते वाढवलं. छोटी गाणी, प्रचंड वेग आणि उघडा संताप. मेटलकोरमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा सैल करून खाली उतरवतात, म्हणून सूर कानाआधी छातीत वाजतो. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवतात, म्हणून प्रत्येक ठोका तुटक आणि सुका येतो. ड्रमर सगळ्यात मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवतो. आणि मग येतो तो ‘ब्रेकडाउन’. धावत सुटलेलं गाणं अचानक निम्म्या लयीवर उतरतं, कधी मध्ये क्षणभर पूर्ण शांतता, आणि मग सगळी वाद्यं एकाच ठोक्यावर कोसळतात. समोरची पोरं नेमकी त्याच क्षणाची वाट बघत उभी असतात.

बीएडला सूक्ष्म अध्यापनात आम्हाला ‘चेतक बदल’ नावाचं कौशल्य होतं. आवाज चढवायचा कुठे, उतरवायचा कुठे, बोलता बोलता थांबायचं कुठे, याकडे निरीक्षकाचं लक्ष असायचं. नेमक्या जागी थांबलं की वर्ग आपोआप मान वर करतो. ब्रेकडाउनमधली ती शांतता मला ओळखीची वाटली. आणि रातीबाच्या रात्री डफांचा ठेका बदलताना बसल्या जागी ज्यांच्या अंगावर काटा आलाय, त्यांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही.

राहिलं ते ओरडणं. ते शिकावं लागतं. आपल्या गळ्यात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन पडदे असतात. श्वास पोटातून सांभाळून या वरच्या पडद्यांना थरथरवलं की तो खरखरीत आवाज निघतो. चुकीच्या पद्धतीने केलं तर घसा बसतो. मेटलकोरचा गायक तासभर असा आवाज काढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. वीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात ओरडून माझा घसा गेलाय. त्यामुळे या माणसांना मी तरी बेसूर म्हणणार नाही. त्यांना गळ्याचं शास्त्र माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता हा स्क्राइब कोण? मुंबईचा बँड, २००५ सालचा. विश्वेश कृष्णमूर्ती गायक, अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह गिटारवर, श्रीनिवास सुंदरराजन बास गिटारवर आणि वीरेंद्र कैथ ड्रमवर. ‘हॅव हार्ड, विल कोर’ हा पहिला आल्बम. मग २००८ला ‘कन्फेक्ट’, २०१०ला ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ला ‘हेल मोगॅम्बो’. शेवटची दोन नावं पुन्हा वाचा. तेजा म्हणजे ‘अंदाज अपना अपना’मधला परेश रावल, जुळ्या भावापासून स्वतःला वेगळं दाखवण्यासाठी खुणेकडे बोट करणारा. मोगॅम्बो म्हणजे ‘मिस्टर इंडिया’तला अमरीश पुरी, आपल्या सलीम-जावेदनी लिहिलेला. यांच्या एका गाण्याचं नाव तर ‘आय लव्ह यू पावभाजी’ आहे! ज्या संगीताला जमातीच्या निरोपात शैतानी म्हटलं होतं, त्यातली पोरं पावभाजीवरचं प्रेम घसा फोडून सांगतायत.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. अमेरिकेतून आलेला बाज या मुलांनी जसाच्या तसा उचलला नाही. त्यात मुंबईचा टवाळपणा ओतला, हिंदी सिनेमा ओतला, रस्त्यावरचं खाणं ओतलं. फारसीतून आलेली गझल आपल्या दक्कनने अशीच आपली करून घेतली, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. आणि हे करणारे रिकामटेकडे नव्हते. श्रीनिवासने याच काळात ‘द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट’ आणि ‘ग्रेटर एलिफंट’ असे दोन सिनेमे दिग्दर्शित केले. इतक्या जड संगीतावर आपल्याकडे कुणाचं घर चालत नाही. तरी ही माणसं वर्षानुवर्षं तालीम करत राहिली आणि पुण्यात २०१०ला सुरू झालेल्या एनएच-सेव्हन वीकेंडरसारख्या महोत्सवांच्या मंचापर्यंत पोचली. पैसा नसताना एखाद्या हुनरला इतकं धरून ठेवणं आपल्या मुलांनी पाहावं, असं मला वाटतं.

‘पण सर, त्या बँडांची नावं बघा ना, भूत-सैतानाची!’ मान्य. मुंबईचाच ‘भयानक मौत’ आहे. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आहे. पण सैतानाचं नाव घेतलेल्या याच डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ला ‘दशावतार’ नावाचा आल्बम काढला, विष्णूच्या अवतारांवर. अमेरिकेतला ‘ऑगस्ट बर्न्स रेड’ हा मेटलकोरमधला मोठा बँड उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेतून आलेला आहे. त्यांनी नाताळच्या गाण्यांचाही आल्बम केलाय. असे कितीतरी बँड याच किंकाळीत देवाला हाक मारतात. तेव्हा आवाजावरून अकीदा ओळखण्याचा धंदा आपण बंद करावा. आपल्या दाढी-टोपीवरून लोक आपला हिशेब लावतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं, ते आठवावं.

दीनची बाजू मी टाळत नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई. इमाम नववी हे शाफई मजहबचे फार मोठे इमाम, आणि तारवाद्यांबाबत ते कडक आहेत. जो त्यांचं मानून संगीतापासून लांब राहतो त्याच्याबद्दल मला आदर आहे, अट एकच, त्याने लग्नातही लांब राहावं. पण इमाम गझालीही शाफईच. ‘इह्या’मध्ये त्यांनी समावर एक सबंध प्रकरण लिहिलंय. सुरेल आवाज मुळात हराम नाही, असं ते दाखवतात. काही वाद्यं तेही वर्ज्य ठरवतात, पण कारण देतात ते दारूच्या मैफलीच्या संगतीचं, आवाज कर्कश असल्याचं नव्हे. आणि स्पेनचे इब्न हज्म तर वाद्यांविरुद्धच्या रिवायतींनाच कमजोर म्हणतात. म्हणजे मोठमोठ्या आलिमांनी शेकडो वर्षं ज्यावर वाद घातला, त्याचा निकाल आपण पंधरा मिनिटांत लावणार, तोही बारावीच्या पोराला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावून?

आणि आता मुख्य मुद्दा. ज्या घरातून तो निरोप आला, त्याच घरच्या लग्नात गेल्या हंगामात डीजे होता. रात्री साडेअकरापर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बाजूच्या घरात एक म्हातारी आपा अंथरुणाला खिळलेली. गाणी कसली होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथे कुणाला शैतान दिसला नाही. आज मिलादच्या जुलूसमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत, वाढदिवसाला, निवडणुकीला स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. आणि आपण पकडतो कोणाला? इयरफोन लावून, कुणालाही त्रास न देता कोपऱ्यात बसलेल्या पोराला!

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. या नियमांची किंमत या संगीताने मोजलीय. मुंबईत धोबी तलावला रंग भवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. १९८६ला सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथेच गाजला. आसपास रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्र लागू झालं आणि रंग भवनातला रॉक बंद पडला. स्क्राइब उभा राहिला तोवर ते मैदान गेलेलं होतं. रुग्णाची झोप गाण्यापेक्षा मोठी, यात मला शंका नाही. मग तो नियम आपल्या वरातीलाही मोठा का नाही?

२०२२मध्ये महाराष्ट्रात भोंग्यांचं राजकारण पेटलं. आपल्या पाच वेळच्या पुकाराला लोकांनी गोंगाट म्हटलं. आपल्याला किती लागलं! आपण म्हणालो, तुम्हाला अर्थ कळत नाही म्हणून तुम्ही असं म्हणता. अजानची तुलना गिटारशी कुणी करत नाही, मीही करत नाही. पण ‘मला कळत नाही, म्हणून तो गोंगाट’ हा न्याय आपल्यावर अन्याय होता, तर आपल्या पोरावर तो न्याय कसा होईल? पावसाळ्यात शिवथर घळीशी धबधबा कोसळतो तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याच घळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. त्या आवाजाला कुणी गोंगाट म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

शेवटी एका शिक्षकाबद्दल. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारुतची गोष्ट. तिथले मुसलमानही आपल्यासारखेच बहुसंख्येने शाफई. २०१४ला तिथल्या एका इस्लामी शाळेत हिजाब घालणाऱ्या तीन मुली होत्या. शाळेतल्या समुपदेशक शिक्षकाने त्यांना मेटल ऐकवलं, वाद्यं हातात दिली. त्यांच्या बँडचं नाव ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’, म्हणजे त्यांच्या सुंदानी बोलीत जवळपास ‘बडबड्यांचा आवाज’. समाजातून विरोध झाला. उत्तरादाखल २०१८मध्ये त्यांनी गाणं केलं, खुदाकडेच वाजवण्याची इजाजत मागणारं. २०२२ला जर्मनीतल्या वाकेनला वाजवलं, २०२४ला इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरीला. तिथे पोचलेला इंडोनेशियाचा हा पहिलाच बँड. हिजाब उतरला नाही आणि गिटारही उतरली नाही. त्या शिक्षकाने मुलींसमोर ‘शैतानी संगीत’ या विषयावर पंधरा मिनिटं भाषण दिलं असतं, तर आज आपल्याला त्यांची नावंही कळली नसती.

त्या पोराचा मोबाइल वडिलांनी परत दिलाय. त्यांना संगीत पटलं नाही आणि पटावं असा माझा हट्टही नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं, “भाई, कुवेतहून फोनवर तुम्ही त्याला मार्क विचारता. एकदा तो काय ऐकतो ते विचारा.” आणि पोराला दम दिला तो आवाजाच्या पातळीबद्दल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त ऐकू नये. कान एकदा गेले की ना स्क्राइब ऐकू येईल, ना अजान.

जमातीला मी आता उलट निरोप पाठवलाय. विषय बदला. ‘आपला आवाज आणि शेजाऱ्याचा हक्क’ असा ठेवा. मी पंधरा मिनिटं काय, तासभर बोलेन. सुरुवात मात्र लग्नातल्या डीजेपासून करेन, आणि मोठी माणसं पहिल्या सफमध्ये बसलेली हवीत.