धावपट्टीपलीकडची वाट

बदलीच्या गावी निघालेल्या नोकरदाराने आपली स्कूटर रेल्वेने पाठवावयाचे ठरविले, की पार्सल कचेरीतील कारकून त्याला आधी टाकीविषयी विचारतो. टाकीतील पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकल्याखेरीज गाडी नोंदली जात नाही. मग ती गोणपाटात गुंडाळली जाते, तिच्यावर मालकाचे आणि स्थानकाचे नाव रंगविले जाते आणि कुठे ती पार्सलच्या डब्यात चढते. हा सारा खटाटोप अनेकांना जाचक वाटतो. ज्याने तो केला आहे त्याला पुढील कल्पना ऐकून आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही: चार आसनांच्या एका लहानशा विमानात, वैमानिकाच्या पाठीमागे, एक हलकी मोटारसायकल घडी करून ठेवावयाची, आकाशमार्गे दोनतीनशे किलोमीटर जावयाचे आणि उतरल्यावर तीच गाडी बाहेर काढून गावाची वाट धरावयाची.

ही कल्पना केवळ विक्षिप्तांची नाही. अमेरिकेत सर्वांना खुले असलेले विमानतळ सुमारे पाच हजार आहेत, आणि त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी एकही प्रवासी कंपनी फिरकत नाही. तेथे उतरतात ती हौशी वैमानिकांची, शेतकऱ्यांची, डॉक्टरांची वा लहान व्यावसायिकांची खासगी विमाने. सेस्ना १७२ सारखे विमान तासाला दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडते. तीनशे किलोमीटरची मजल दीड तासात मारलेला हा मनुष्य विमान दोरांनी बांधून कुंपणापाशी येतो आणि पाहतो तो समोर रिकामा रस्ता. गाव सातआठ किलोमीटर दूर, बस नाही, टॅक्सी नाही. आकाश जिंकून जमिनीवर अडकलेल्या या माणसाच्या मनात स्वतःचे वाहन बरोबर आणण्याचा विचार आला तर तो अगदी स्वाभाविक मानला पाहिजे. प्रश्न एवढाच, की त्या विचाराच्या मागे किती दूर जावे.

या बाबतीत सर्वांत मोठा प्रयोग युद्धाने करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हर्टफर्डशायर परगण्यातील वेलविन गावाजवळ एक गुप्त संशोधनकेंद्र होते. तेथे लेफ्टनंट कर्नल जॉन डॉल्फिन यांच्या देखरेखीखाली एक अजब वाहन जन्माला आले, आणि गावाच्या नावावरून त्याला वेलबाइक म्हणू लागले. हवाई छत्रीने टाकावयाच्या लष्करी सामानाच्या नळकांड्यात ती बसली पाहिजे, ही मुख्य अट होती. म्हणजे सुमारे १३० सेंटीमीटर लांबी, ३८ सेंटीमीटर उंची आणि ३० सेंटीमीटर रुंदी एवढ्याच जागेत सारी मोटारसायकल सामावावयाची. हँडल मुडपले जाई, बैठक खाली सरकविता येई. इंजिन ९८ सी.सी.चे, वजन अवघे ३२ किलो. टाकी इतकी खाली होती, की पेट्रोल इंजिनापर्यंत चढविण्यासाठी हातपंपाने आत हवा भरावी लागे. १९४२ व १९४३ या वर्षांत बर्मिंगहॅमच्या एक्सेलसियर कारखान्याने अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या बनविल्या.

परंतु नळकांड्यात बसण्यासाठी या गाडीने काय काय सोडून दिले ते पाहावे. तिला दिवा नव्हता, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, गिअर एकच आणि ब्रेक फक्त मागचा. चाके एवढी चिमुकली, की तोफगोळ्यांनी उखडलेल्या रस्त्यावर ती खड्ड्यात अडकत. शिवाय जड नळकांडे एकीकडे पडे आणि सैनिक दुसरीकडे; शत्रूच्या मुलुखात आपली गाडी शोधत हिंडण्यापेक्षा पायी चालणे बरे, असा अनुभव आला. पुष्कळशा वेलबाइक अखेर वापरल्या गेल्या त्या स्वदेशातील विस्तीर्ण हवाई तळांवर, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाण्यासाठी! विमानातून नेण्यासाठी निर्मिलेल्या वाहनाने विमानतळावरच आयुष्य कंठावे, यातील विनोद त्या काळच्या सैनिकांच्या ध्यानात आला असेलच.

तिच्याच काळातली दुसरी गाडी अधिक भाग्यवान ठरली, आणि तिचे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. रॉयल एनफिल्डची १२५ सी.सी.ची ही मोटारसायकल 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडता पिसू, या नावाने ओळखली जाई. तिचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. जर्मनीच्या डी.के.डब्ल्यू. कंपनीची अशीच एक हलकी गाडी हॉलंडमध्ये विकणाऱ्या रॉटरडॅमच्या व्यापारी पेढीवर ज्यू संचालक होते, म्हणून नाझी राजवटीत त्या पेढीची एजन्सी काढून घेण्यात आली. पेढीने इंग्लंडातील रेडिच येथे एनफिल्डकडे जाऊन तशीच गाडी बनवून मागितली, आणि पुढे तीच गाडी नाझींच्या विरुद्ध लढावयास गेली. वजन सुमारे ५९ किलो. चिखलात रुतली किंवा भिंत आडवी आली तर सैनिकांनी उचलून पलीकडे ठेवावी. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती छत्रीने टाकीत, अथवा होर्सा जातीच्या ग्लायडरमधून नेत. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमच्या लढाईत ती होती. तिने घडी होण्याचा हट्ट धरला नाही. ती प्रथम मोटारसायकल राहिली आणि मग हलकी झाली. माझ्या मते तिच्या यशाचे रहस्य हेच होते. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनविणाऱ्या या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलान येथे याच नावाची विजेची मोटारसायकल जगापुढे ठेवली, तेव्हा अनेकांना त्या जुन्या पिसवाची आठवण झाली.

(याच नावाचे एक विमानही होते. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये बांधलेल्या, कोणालाही घरी बनविता यावे अशा त्या चिमुकल्या विमानाने युरोपला वेड लावले. १९३५-३६ मध्ये त्याचे जीवघेणे अपघात घडले, तेव्हा ते एकदा नाक खाली करून सूर मारू लागले की सावरता येत नाही, असे आढळून आले. विमानाचा तोल हा हौसेच्या स्वाधीन करण्याचा विषय नव्हे, एवढे त्यावरून ध्यानी घ्यावे.)

आता शांततेच्या काळाकडे आणि साध्या हिशेबाकडे वळू. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या नमुन्यात माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलो भार घालता येतो. टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले १४० किलोंहून अधिक इंधनातच जातात. उरले अडीचशे-पावणेतीनशे. पंचाहत्तर किलोंची तीन माणसे बसली, की हाती पस्तीसएक किलो राहतात. म्हणजे कागदावर वेलबाइक बसते, फ्लाइंग फ्ली बसत नाही. सामानाच्या जागेची स्वतंत्र मर्यादा आहे ५४ किलो. येथपर्यंत गणित सोपे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे.

कारण विमानाला वजन किती आहे एवढेच कळत नाही, ते कोठे आहे हेही कळते. कावड वाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही: एका बाजूची घागर थोडी मागे सरकली तरी त्याचा खांदा तक्रार करतो. पूर्ण भारलेल्या सेस्ना १७२ मध्ये गुरुत्वमध्याला पुढेमागे हलण्यास जी मोकळीक आहे ती एका वितीहूनही कमी आहे. पुढे दोघेच बसले असतील तर मागे थोडे ओझे असणे एक वेळ हितकारकही ठरते. पण मागच्या आसनावर माणूस, त्याच्या मागे मोटारसायकल आणि वर आणखी बॅगा असा संसार थाटला, की शेपूट जड होते. असे विमान उडते, हाच खरा धोका आहे. ते उडते आणि वैमानिकाचा आत्मविश्वास वाढवते. परंतु वेग मंदावून पंखांची उचल गेली की त्याचे नाक खाली येण्यास कां-कूं करते आणि गिरकीत सापडल्यास बाहेर निघणे दुष्कर होते.

सामान बांधण्याची गोष्ट निराळीच. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथून उडालेल्या एका प्रचंड मालवाहू ७४७ विमानात जडशीळ लष्करी वाहने होती. उड्डाण घेताच त्यांतले निदान एक वाहन बंधने तोडून मागे सरकले, त्याने शेपटाकडील यंत्रणा मोडली, आणि विमान काही क्षणांत जमिनीवर कोसळून सातही जण मरण पावले. तेथे बांधणारे लोक हे काम पोटासाठी करणारे, शिकलेले होते. आपल्या मोटारसायकलला रविवारी सकाळी सुताच्या पट्ट्यांनी जखडणाऱ्या हौशी माणसाची गाठ किती पक्की असेल? आणि तीस किलोंचे लोखंड धक्क्याने पुढे आले तर ते प्रथम कोणाच्या डोक्यावर येईल?

राहिले पेट्रोल. विमानाच्या पंखांत दोनशे लिटर पेट्रोल असतेच, मग मोटारसायकलच्या तीन लिटरांना का भ्यावे, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो चतुर आहे, पण टिकणारा नाही. पंखांतील टाक्यांची वाफ बाहेरच्या हवेत सोडलेली असते. मोटारसायकलची टाकी माणसे बसतात त्याच बंदिस्त जागेत असते. ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. टाकीतील वाफ झाकणाच्या भोकातून बाहेर येते, आणि ती हवेहून जड असल्यामुळे पायांपाशी साचते. पार्सल कचेरीतील त्या कारकुनाचा प्रश्न किती शहाणपणाचा होता हे येथे कळते. टाकी रिकामी करावी तर उतरल्यावर पेट्रोल आणावयास पुन्हा पायीच जाणे आले! विजेवर चालणारी गाडी घ्यावी म्हटले तर लिथियमच्या बॅटरीची आग विझता विझत नाही. प्रवासी विमानांत १०० वॅट-तासांवरील बॅटरीला कंपनीची अनुमती लागते आणि १६० च्या पुढची प्रवाशाला नेताच येत नाही. विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा याहून पुष्कळ मोठ्या असतात. खासगी विमानाच्या मालकाला हा नियम लागू नसेल. आगीला मात्र तो भेद ठाऊक नसतो.

तेव्हा ज्याला काही न्यावयाचेच आहे त्याने साधी घडीची सायकल न्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. हाही शोध नवा नाही. वेलबाइकच्याच काळात बी.एस.ए. कंपनीने हवाई सैनिकांसाठी सुमारे साडेचौदा किलोंची घडीची सायकल हजारोंनी बनविली होती. पुढे लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी १९७५ मध्ये जिची आखणी सुरू केली ती ब्रॉम्प्टन सायकल मोठ्या सूटकेसएवढी होते आणि बहुतेक नमुने अकराबारा किलोंत बसतात. तिला टाकी नाही, वाफ नाही, बॅटरी नाही. सातआठ किलोमीटर अंतर ती अर्ध्या तासात कापते. ज्यांनी एस.टी.च्या टपावर सायकल चढवून तालुक्याच्या गावी शिकावयास जाणारी मुले पाहिली आहेत, त्यांना या तोडग्यात फारसे नवल वाटणार नाही.

परंतु याहूनही शहाणा तोडगा अमेरिकेतील त्याच लहान विमानतळांवर सापडतो, आणि त्यात घडी करण्यासारखे काहीच नाही. अनेक ठिकाणी कचेरीच्या भिंतीवर एका जुन्या मोटारीची किल्ली टांगलेली असते. परगावचा वैमानिक उतरतो, वहीत नाव लिहितो, किल्ली घेतो, गावात जेवून येतो आणि परत करताना थोडे पेट्रोल भरतो. भाडे बहुधा नाहीच. विमानतळाला त्यातून इंधनाची विक्री मिळते, गावातल्या खाणावळीला गिऱ्हाईक मिळते. शत्रूच्या प्रदेशात उतरणाऱ्या सैनिकाला अशी किल्ली कोण देणार? म्हणून त्याला वेलबाइक लागली. मित्रांच्या गावात उतरणाऱ्यालाही ती लागत असेल, तर उणीव त्या गावाच्या व्यवस्थेत आहे.

आपल्याकडे खासगी विमान बाळगणारे विरळा. धुळे, गोंदिया येथे वैमानिकीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी सोडले तर लहान विमानाशी सामान्य माणसाचा संबंध येत नाही. पण धावपट्टीपलीकडच्या वाटेशी तो येतो. 'उडान' योजनेतील पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे उड्डाण होते. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, ही त्या योजनेतील सवलतीच्या आसनांची मूळ मर्यादा. त्याच वर्षी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तो शिर्डीपासून चौदाएक किलोमीटरवरील काकडी गावी. सिंधुदुर्गाचा विमानतळ चिपीच्या माळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. कुडाळचे रेल्वेस्थानक तेथून वीस-पंचवीस किलोमीटर आहे. जागा गावाबाहेर घ्यावी लागते हे मान्य. पण सरकारने तिकिटात सोसलेल्या पैशातला मोठा वाटा टॅक्सीच्या भाड्यात जावा, हे कोणत्या हिशेबात बसते? शाळेतील शिक्षक वा कचेरीतील कारकून वर्षातून एकदा विमानाने गेला, तर त्याचा हिशेब घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा असतो. धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा नसतो.

विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी. आणि इमारतीबाहेर भाड्याने मिळणाऱ्या वीसपंचवीस सायकली व स्कूटर यांचा खर्च धावपट्टीच्या डांबरीकरणापुढे नगण्य आहे. नवीन विमानतळाच्या आराखड्यात धावपट्टीची लांबी मीटरांत लिहिलेली असते. त्याच कागदावर जवळच्या बसस्थानकाचे अंतर आणि तेथवर नेणाऱ्या बसच्या वेळा लिहिल्याखेरीज तो मंजूर होऊ नये, असा आग्रह त्या त्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी धरावा, आणि त्यांनी तो धरला नाही तर निवडणुकीच्या सभेत उठून कोणीतरी त्यांना त्याचे कारण विचारावे.