जोत्यालगतची जमीन

जुन्या घराच्या दुरुस्तीचे काम हाती आले की दर्शनी ओटा, माजघर, स्वयंपाकघर यांचा विचार तपशिलाने होतो. परंतु घराची भिंत आणि कुंपण यांच्यामधून मागच्या दारापर्यंत जाणाऱ्या सहा-आठ फूट रुंदीच्या पट्टीच्या वाट्याला आराखड्यात बहुधा नवी फरशी आणि कुंड्यांची एक रांग यांपलीकडे काही येत नाही. मृगापूर्वीच्या या दिवसांत अशी अनेक कामे घाईने उरकली जात असल्यामुळे, या पट्टीसंबंधीचे आमचे मत व्यवसायबंधूंपुढे स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

ही जागा बांधकामातून शिल्लक राहिलेली नसून बुद्धिपुरस्सर राखलेली आहे. मुंबईत १८९६ साली प्लेगाची साथ आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने इमारतींसाठी ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाचा जो नियम घातला, त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, इमारतीची जेवढी उंची त्याच्या सुमारे निम्म्या रुंदीची जागा तिच्या बाजूस मोकळी असावी. पुढे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आखीव वसाहतींचा मार्ग मोकळा केला, आणि गावठाणातील भिंतीला भिंत लागलेल्या वाड्यांच्या जागी चारी बाजूंनी हवा खेळणारी घरे उभी राहू लागली. तेव्हा ज्या पट्टीला आपण आज नवे रूप देऊ पाहतो, ती मुळात आरोग्यासाठी मोकळी ठेवलेली आहे, हे ध्यानात ठेवूनच पेन्सिल हाती घेतली पाहिजे.

या पट्टीचे पहिले कार्य छपराचे पाणी वाहून नेणे हे होय. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते, हे गणित सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते मांडून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. दुपाखी छपराची ५० चौरस मीटरची एक बाजू या पट्टीकडे उतरत असेल, तर वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पुण्यात तेथे ३५ हजार लिटर पाणी येते, आणि ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत तेच दीड लाख लिटरांच्या पुढे जाते. पन्हळ नसलेल्या घराच्या पागोळ्या एकाच रेषेत पडून जमीन उकरतात, चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडवितात आणि जोत्याच्या सांध्यांतील चुना वर्षानुवर्षे धुऊन नेतात. अशा जागी फरशी कोणत्या रंगाची असावी, हा प्रश्न फार पुढचा आहे.

त्याहून गंभीर हानी पातळी वाढविण्याने होते. जुनी शहाबादी फरशी न उखडता तिच्यावर कोबा, कोब्यावर काही वर्षांनी पेव्हर ब्लॉक, असे थरावर थर चढत जातात आणि मूळ दीड-दोन फुटांचे जोते वीतभरही उरत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेने जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर असावी असे म्हटले आहे. जुन्या घरात ही उंची परत मिळवायची तर नवे काही घालण्याआधी जुने थर काढणे अपरिहार्य आहे. निघालेली फरशी खुणा करून ठेवावी. ती बहुधा पुन्हा बसविण्याजोगी असते.

चुन्यात बांधलेली दगडी किंवा जांभ्याची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि ती बाहेरच्या अंगाने वाळूही देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे ओलीची वाट बंद होते; मग ती अधिक वर चढून घराच्या आतल्या अंगास फुटते, आणि क्षारांमुळे रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून जोत्यावरील सिमेंट हलक्या हाताने काढून चुन्याने दर्जा भरणे हा बाजूच्या अंगणाच्या कामाचाच भाग मानावा, आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद प्रथम करावी.

भिंतीलगत काय घालावे, याचे उत्तर जमिनीप्रमाणे बदलते. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत पाणी मुरते. तेथे भिंतीला लागून खडीची पट्टी, तिच्या बाहेर उघडी गटारी आणि पलीकडे माती, अशी रचना योग्य ठरते. देशावरील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तेथे पायालगतचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राहावा म्हणून भिंतीपासून बाहेर उतार दिलेली, पाणी न झिरपणारी पट्टी हवी आणि शोषखड्डा पायापासून दूर हवा. अशा मातीत भिंतीजवळचा जुना मोठा वृक्ष एकाएकी तोडल्यासही जमीन फुगून भिंतीस तडे जाऊ शकतात, याची जाणीव मालकास अवश्य द्यावी.

वाट आणि उजेड हे या पट्टीचे अन्य दोन हक्कदार. सामान घेतलेल्या माणसास किंवा चाकाच्या खुर्चीस किमान ९० सेंटिमीटरची निर्वेध वाट मिळालीच पाहिजे. शेजाऱ्याच्या खिडकीला २० वर्षे अखंड व निर्वेध मिळालेला हवा-उजेड १८८२ च्या ईझमेंट कायद्याने संरक्षित होऊ शकतो. म्हणून मांडव किंवा उंच भिंत सुचविण्यापूर्वी मिळकतीचा मोजणी नकाशा, 'क' प्रत आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ घालून पाहावा. हद्दीचा वाद काम सुरू झाल्यावर उपस्थित झाला म्हणजे उत्तम आराखडाही कचेरीच्या दप्तरात अडकून पडतो.

लागवडीचा विचार यानंतर करावा, आणि तो करताना आपल्या परसदारांची परंपरा मार्गदर्शक मानावी. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची जी रीत घरोघरी होती, तिच्यामुळे पाणी साचून डास होत नसत आणि अन्नही मिळत असे. सावलीत हळद व नागवेल तग धरतात. मोगऱ्यास मात्र भरपूर ऊन हवे, तेव्हा दिवसाच्या कोणत्या प्रहरी ऊन कोठवर येते हे पाहिल्याशिवाय तो लावू नये. वेलीची जाळी भिंतीपासून अर्धा फूट सुटी ठेवावी, आणि सांध्यांत उगवलेले वड, पिंपळ, उंबर कोवळे असतानाच मुळासकट काढावेत.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते: जुन्या घराच्या बाजूच्या अंगणाचा आराखडा भिंतीपासून बाहेर आखला पाहिजे, आणि भिंतीची खरी अवस्था केवळ पावसाळ्यातच कळते. म्हणून आमची सूचना अशी की, या वर्षी आलेल्या कामांत मृगापूर्वी फक्त तुंबलेल्या गटारी मोकळ्या कराव्यात, फुटकी पन्हळे बदलावीत आणि थांबावे. पाऊस पडत असताना गवंडी व माळी यांना बरोबर घेऊन जागेवर जावे, पाणी कोठे साचते व ओल किती उंच चढते त्याच्या खुणा कराव्यात, पाणसळीने उतार मोजावा, आणि दसऱ्यानंतर, चुना सावकाश वाळण्यास हवा अनुकूल असताना, काम सुरू करावे. या पाहणीचे शुल्क करारनाम्यात स्वतंत्र बाब म्हणून लिहावे. ते मागताना संकोच करण्याचे कारण नाही. कारण मालकाचा पुढील कित्येक वर्षांचा खर्च या पाहणीने वाचतो, आणि आपल्या व्यवसायाचा अधिकारही याच परिश्रमाने सिद्ध होतो.