जिथे बर्फ पडत नाही तिथला बर्फ



आपल्यापैकी बहुतेकांना बर्फ ठाऊक आहे तो रसवंतीच्या गुऱ्हाळावरचा, नाही तर मासळीच्या पेटीतला. आकाशातून पडणारा बर्फ पाहिला असेल तर तो पास काढून काश्मीरला जाऊन आलेल्यांनी. तेव्हा रेल्वे आणि टपाल कामगारांच्या या पानावर बर्फाचा अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. २००८ साली दक्षिण चीनमध्ये जे घडले ते नीट वाचल्यावर मला वाटले की हा विषय आपल्याच खात्याचा आहे.

चीनच्या उत्तर भागाला बर्फ नवा नाही. तिथे घरे गरम ठेवण्याची व्यवस्था आहे, माणसांकडे कपडे आहेत. हुआई नदीच्या दक्षिणेला मात्र सार्वजनिक उष्णतेच्या नळांची सोयच केलेली नाही, कारण ती लागत नाही असे धरलेले. हुनान प्रांतातले चेंझोऊ शहर आपल्या पाटण्याच्या अक्षांशावर येते आणि ग्वांगझोऊ अहमदाबादच्या. अशा मुलखात १० जानेवारी २००८ पासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हिमवृष्टीच्या लाटांवर लाटा आल्या. पन्नास वर्षांत असे झाले नव्हते, असे तिथल्या सरकारने सांगितले.

खरा घात नुसत्या बर्फाने केला नाही. वरच्या थरात हवा उबदार असते, तिथून पाऊस पडतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या खाली असते. थेंब तारेला टेकतो आणि तिथेच गोठतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे दिवसरात्र चालले की बोटाएवढ्या तारेचे मनगट होते. हुनान आणि गुइझोऊ प्रांतांतले विजेचे मनोरे इतके वजन पेलण्यासाठी बांधलेलेच नव्हते. ते वाकले, मोडले, ओळीने आडवे झाले. चेंझोऊ आणि आसपासच्या लाखो लोकांना जवळजवळ दोन आठवडे वीज नव्हती, आणि पंप बंद म्हणून नळाला पाणीही नव्हते.

आता रेल्वेचे पाहा. बीजिंग ते ग्वांगझोऊ हा तिथला उत्तर-दक्षिण मुख्य मार्ग, आणि तो विद्युतीकरण झालेला. हुनानमध्ये ट्रॅक्शनचा वीजपुरवठा तुटला आणि २५ जानेवारीच्या सुमारास गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ओ.एच.ई. मेली की काय होते ते आपल्या ट्रॅक्शन विभागाच्या बांधवांना मी सांगायला नको. डबे थंड पडतात, पाणी संपते, मागची गाडी तिच्या मागे उभी राहते.

त्यातून एक विचित्र चक्र सुरू झाले. चीनची वीज मुख्यतः कोळशावर चालते आणि कोळशाचा मोठा हिस्सा रेल्वेने जातो. त्या हिवाळ्यात वीजकेंद्रांच्या आवारात कोळशाचा साठा आधीच कमी होता. कोळशाचा भाव बाजारावर सोडलेला आणि विजेचा दर सरकारने बांधून दिलेला, म्हणून केंद्रे हात आखडून कोळसा घेत होती. हिशेबाच्या वहीत ही काटकसर चांगलीच दिसली असणार. रेल्वे अडल्यावर कोळसा पोचेना, कोळसा नसल्यामुळे वीज आणखी कमी झाली, आणि वीज नसल्यामुळे रेल्वे सुटेना.

हे सगळे घडले ते चिनी नववर्षाच्या तोंडावर. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला सण होता. ग्वांगझोऊच्या परिसरातल्या कारखान्यांत देशभरातून आलेले मजूर राबतात, आणि वर्षातून एकदा याच सणाला गावी जातात. वर्षभर न पाहिलेले मूल पाहायला मिळते ते तेव्हाच. आपल्याकडे छठला आणि गणपतीला गाड्यांची काय अवस्था असते ते आठवा आणि मग कल्पना करा की मुख्य मार्गच बंद आहे. ग्वांगझोऊ स्टेशनाबाहेर पावसाथंडीत लाखो माणसे उभी होती. सरकारने तिकीटविक्री थांबवली आणि मजुरांना सांगितले की यंदा इथेच सण करा. पंतप्रधान वेन जियाबाओ चांगशाच्या स्टेशनात आणि मग ग्वांगझोऊला स्वतः आले, कर्णा हातात घेऊन त्यांनी अडकलेल्या लोकांची क्षमा मागितली. तरीही तिथल्या गर्दीत चेंगरून एक कामगार बाई मेली. तिलाही गावीच जायचे होते.

त्या गर्दीसमोर खिडकीवर आणि फाटकावर उभा असलेला रेल्वेचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री मी मुंबईच्या एका उपनगरी स्टेशनात ड्युटीवर होतो. गाड्या बंद, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि वरून येणारा निरोप फक्त ‘थोड्या वेळात’ एवढाच. माइकवर बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने तो निरोप किती वेळा वाचला याची गणती नाही. शेवटी लोकांनी शिव्या घातल्या त्या त्याला. पहाटे त्याच लोकांपैकी एकाने त्याला चहा आणून दिला हेही खरे.

चीनमध्ये अडलेल्या गाड्या सुटल्या त्या कशाने? डिझेल इंजिनांनी. ती गोळा करून हुनानकडे पाठवली गेली आणि विजेच्या गाड्यांना जोडली गेली. रस्त्यांवरचा बर्फ फोडायला सैन्य उतरले, साध्या फावड्यांनी. आणि तारांवरचा बर्फ माणसांनी मनोऱ्यांवर चढून, काठ्यांनी ठोकून पाडला. २६ जानेवारीला चांगशाजवळ असाच एक मनोरा कोसळला आणि वर काम करणारे तीन वीज कामगार मेले. एकूण १२९ लोक त्या संकटात दगावले असा सरकारी आकडा आहे. पुढे त्या तिघांचा मोठा गौरव झाला. मनोरा वजनाने मोडकळीला आलेला असताना माणूस वर का चढवला, हा प्रश्न गौरवाच्या हारांखाली दिसेनासा होतो. आपल्या गँगमन बांधवांच्या बाबतीतही आपण हे पाहिलेले आहे.

कोणी म्हणेल चीनची गोष्ट वेगळी. तर ब्रिटन घ्या, रेल्वेचे माहेरघर. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिथे नेहमीसारखा ओला बर्फ न पडता कोरडा, पिठासारखा बर्फ पडला. हिवाळ्याची तयारी पूर्ण आहे असे ब्रिटिश रेल्वेने आधी जाहीर केले होते. तो भुगा विजेच्या गाड्यांच्या मोटरीत हवा खेचणाऱ्या झरोक्यांतून आत गेला, वितळला आणि मोटरी जळाल्या. सरकत्या दारांत आणि पॉइंटांत बर्फ दाटून बसला. तिथेही डिझेलच धावून आले. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याने रेडिओवर खरे कारण सांगितले, तर वर्तमानपत्रांनी ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ असा मथळा केला आणि सारा देश हसला. ते हसू अजून संपलेले नाही. मोटरीचा झरोका कुठे ठेवायचा हे ज्यांनी ठरवले त्यांचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

जिथे बर्फ पडत नाही तिथे बर्फ काढण्याची यंत्रे कोणी घेऊन ठेवत नाही, आणि घेऊही नयेत. बनिहाल-बारामुल्ला मार्गावर ती लागतात म्हणून तिथे आहेत. पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी खास यंत्र ठेवणे परवडत नाही, हे प्रशासनाचे म्हणणे मला मान्य आहे. पण अशा वेळी कामाला आले ते खास यंत्र नव्हतेच. जास्तीचे इंजिन, जास्तीचा माणूस आणि आवारात पडून असलेला जास्तीचा कोळसा, एवढ्यावरच सुटका अवलंबून होती. या ‘जास्तीच्या’ला आपल्या खात्यात एक शब्द आहे, सरप्लस. तो शब्द उच्चारला की पुढे काय येते ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे याची एक चुणूक मिळून गेली आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेचे आणि मग पूर्व व ईशान्येचेही वीजजाळे कोसळले, साठ कोटींवर लोक अंधारात गेले आणि शेकडो गाड्या वाटेत उभ्या राहिल्या. डिझेल इंजिने होती म्हणून त्या ओढून आणता आल्या. त्यानंतर ब्रॉडगेजचे विद्युतीकरण झपाट्याने झाले आणि आज ते जवळजवळ पूर्ण आहे. आमचा त्याला विरोध नाही. धूर कमी झाला, परदेशी तेल वाचले, हे चांगलेच झाले. पण डिझेल शेडे बंद होत किंवा रूप बदलत आहेत, जुने फिटर निवृत्त होत आहेत, आणि नव्या लोको पायलटांत डिझेलवर हात बसलेले किती उरतील? यार्डात राखीव म्हणून उभे केलेले इंजिन सहा महिने चालू केले नाही तर ऐनवेळी चालू होईलच असे कोणताही फिटर सांगणार नाही. इंजिनामागे माणूस लागतो, आणि माणसांचा हिशेब असा की २०२३ साली रेल्वेत अडीच लाखांच्या घरात जागा रिकाम्या असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले होते.

टपालाच्या बांधवांनी हा रेल्वेचा प्रश्न समजून पान उलटू नये. गाडी अडली की थैली अडते. गाड्या दोन दिवस बंद पडल्या तर आर.एम.एस.च्या थैल्या रस्त्याने हलवायला वाहन आणि माणूस कोणाच्या हुकमाने मिळतो, हे आपल्या सॉर्टिंग ऑफिसात एकदा विचारून पाहा.

सर्व शाखा सचिवांना विनंती आहे की पुढच्या पी.एन.एम. बैठकीत पुढील बाबी लेखी मागाव्यात: आपल्या विभागात चालू स्थितीतली डिझेल इंजिने किती आणि ती कुठे उभी आहेत, त्यांवर सक्षम असे लोको पायलट किती, अडलेली विद्युत गाडी डिझेलने ओढून आणण्याचा सराव शेवटचा कधी झाला, आणि अशा रात्री स्टेशनावरच्या कर्मचाऱ्याला खरी माहिती कोण देणार. मिळालेली उत्तरे या कार्यालयाकडे पाठवावीत, ती याच पानावर छापू. आमच्या विभागात आम्ही हे पत्र दिले आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.