औषधनिर्माणातील नियंत्रण : दप्तराचे की द्रव्याचे?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 23 जून 2000 रोजी 'शेड्यूल टी' दाखल झाले आणि आयुर्वेदीय फार्मसींना उत्तम निर्माणपद्धतीचे, म्हणजेच जी.एम.पी.चे, बंधन आले. कच्च्या मालाचे स्वतंत्र कोठार, प्रत्येक बॅचची निर्मितीनोंद, वितरणाची नोंद, तक्रारवही, गुणनियंत्रण विभाग ही व्यवस्था त्यानंतर आपल्याकडे रूढ झाली. पुढे डिसेंबर 2004 मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा शोधनिबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. ही सारी बंधने आवश्यकच होती. त्यांची हेटाळणी आम्हांस अभिप्रेत नाही. तथापि एक प्रश्न सुज्ञ फार्मसीचालकांपुढे ठेवावासा वाटतो. या नोंदींमुळे कारभाराला वळण लागते, की कारभार उरकल्यावर नोंदी भरल्या जातात?

हार्वर्ड येथील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट सायमन्स यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्थेच्या नियंत्रणाची चार साधने सांगितली आहेत. संस्थेची मूल्ये, ओलांडू नयेत अशा मर्यादा, उद्दिष्टाशी ताडून पाहणारी मोजमापे, आणि व्यवस्थापकाने हाताखालच्या माणसांशी स्वतः सातत्याने साधलेला संवाद. आमच्या फार्मसींत पहिले साधन भिंतीवरील तसबिरीत असते, दुसरे परवान्याच्या अटींत, तिसरे विक्रीच्या मासिक तक्त्यात. चौथे बहुतेक ठिकाणी नसतेच. आणि तिसऱ्यात जे मोजले जाते तेच माणसे देतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खरेदी पाहणाऱ्याची वाहवा स्वस्त दरासाठी होत असेल, तर तो स्वस्त मालच आणणार. गुणनियंत्रकाच्या हाती नमुना पडतो तो ट्रक दारात आल्यावर. तो माल नाकारू शकतो. कोवळ्या मुळीला पक्व करू शकत नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचे उदाहरण घेऊ. साखरशेतसारख्या गावांभोवतीच्या या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबे भात, नागली, वरई पिकवतात आणि रानातील वनस्पतीही वेचतात. सफेद मुसळीचे पाहा. जिच्या शास्त्रीय नावातच बोरिवलीचे नाव आहे, ती ही वनस्पती. पावसाच्या आरंभी तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. पाने सुकून गळाल्यावर मुळी जमिनीत पक्व होत राहते. खणण्यास थोडा धीर धरला तर द्रव्य वीर्यवान मिळते, आणि कोंबाचा गड्डा परत मातीत लावला तर पुढील वर्षीही मिळते.

पण धीर धरणार कोण? भातकापणी झाली की येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. भट्टीमालकाची उचल आधीच घेतलेली असते. गाव सोडण्यापूर्वी हाती रोकड हवी, म्हणून मुळी पक्व होण्याआधीच खणली जाते. व्यापारी ती वजनावर घेतो. पाच किलो ओल्या मुळीची सोलून-वाळवून सुमारे एक किलो सुकी मुळी होते असे धरा. सुक्या मालाचा दर ओल्याच्या पाचपटच असेल, तर वेचणाऱ्याच्या हाती पैसे तेवढेच येतात. सोलण्या-वाळवण्याचे दिवस फुकट जातात. मग तो ओली, कोवळी, मातीसकट मुळी देतो, यात त्याचा दोष कोणता? आमच्या दरपत्रकाने त्याच्याकडून जे मागितले तेच त्याने दिले. पुढे दलालाच्या गोदामात त्यात शतावरीची मुळे मिसळली गेली, तर आमच्या बॅचनोंदीत तीही 'सफेद मुसळी' म्हणूनच चढतात.

द्रव्यसंग्रहणाचे शास्त्र आपणांस नवे नाही. चरकाचार्यांनी चतुष्पादात औषधाला भिषजाच्या लगोलग स्थान दिले. मूळ, त्वचा, पत्र, फल कोणत्या ऋतूत घ्यावे याचे विवेचन संहितांत आहे. म्हणजे काल आणि देश हेच आपल्या परंपरेतील गुणनियंत्रणाचे पहिले निकष. आजच्या खरेदीपावतीत मात्र वजन आणि दर एवढेच दोन रकाने असतात.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. खरेदीपावतीत आणखी तीन रकाने असावेत : वनस्पती कोणत्या गावच्या रानातली, कोणत्या महिन्यात काढलेली, आणि ओली की सुकी. दर या रकान्यांशी बांधावा. सुक्या, पक्व मालाला ओल्याच्या हिशेबापेक्षा निश्चित अधिक मिळावे. खरेदी पाहणाऱ्याचे मूल्यमापन किलोच्या दरावर न करता, आणलेल्या मालापैकी तपासणीत किती उतरला यावर करावे. फार्मसीच्या चालकाने वा वैद्याने वर्षातून दोनदा तरी वेचणाऱ्यांच्या गावी जाऊन बसावे. कोणती वेल दुर्मिळ झाली, कोणती मुळी लवकर का निघाली, हे कोणत्याही वहीत सापडत नाही. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. उचल भट्टीमालक देऊ शकतो, तर आम्ही का नाही? 2006 च्या वनाधिकार कायद्याने वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला आहे. चार-सहा लहान फार्मसींनी एकत्र येऊन ग्रामसभेशी हंगामापूर्वी करार करावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी.

यावर आक्षेप येईल की, औषध महाग होईल आणि स्पर्धक स्वस्त चूर्ण विकून बाजार नेईल. किंमत थोडी वाढेल हे आम्हांस मान्य आहे. परंतु नाकारलेली बॅच, परत आलेला माल आणि गुण न आल्याने तुटलेला रुग्ण यांचा खर्च आज कोणत्याच तक्त्यात धरला जात नाही. तो धरल्यास स्वस्त खरेदीचा हिशेब बदलेल. शिवाय मुसळीचा गड्डाच रानात उरला नाही, तर कोणत्याही दराने ती मिळणार नाही.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या संघटनेने अशा संयुक्त खरेदीचा एक प्रयोग एकाच वनस्पतीपुरता तरी हाती घ्यावा, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना व फार्मसीचालकांना नम्र विनंती आहे. आगाऊ रक्कम भातकापणीपूर्वी पोहोचली पाहिजे. त्यानंतर ती दिली तर कुटुंब भट्टीवर गेलेले असेल.