फुलाचा फोटो छान आहे. पण बी कुठे आहे?

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर कळलावी फुलते. ज्वाळांसारख्या वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या, त्यांवर पावसाचे थेंब, मागचे सगळे धूसर. खाली ओळ असते ‘सह्याद्रीचे सौंदर्य’, फार तर ‘दुर्मीळ औषधी वनस्पती’. लोक भराभर बदाम पाठवतात आणि फोटो पुढच्या ग्रुपवर जातो. या वेलीचा कंद खाल्ला तर माणूस दगावू शकतो, हे एक वाक्य मात्र कुठेच नसते.

विषारी वनस्पतीचे फक्त फूल दाखवणारा फोटो अर्धवट असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो घरात फ्रेम करून लावा, माझी काही तक्रार नाही. पण तोच फोटो ‘माहिती’ म्हणून, ‘वनस्पती ओळखा’ म्हणून किंवा ‘औषधी’ म्हणून फिरू लागला की तो माझ्या क्षेत्रात येतो. आणि माझ्या क्षेत्रात अर्धवट माहिती निरुपद्रवी नसते.

विषबाधा क्वचितच फुलामुळे होते

आपल्याकडच्या नेहमीच्या विषारी झाडांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा की माणसाच्या पोटात नेमका कोणता भाग जातो.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. शाळेच्या किंवा शेताच्या कुंपणाला लावलेल्या या झाडाच्या बिया मुलांनी शेंगदाण्यासारख्या फोडून खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात भरती झाली, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बहुतेक मुले सलाइन आणि देखरेखीने बरी होतात, पण शरीरातले पाणी कमी होऊन काहींची अवस्था गंभीर होते. आता या झाडाचे फूल आठवून पाहा. आठवत नाही ना? ते लहान, पिवळट हिरवे, कुणाचे लक्ष न वेधणारे असते. त्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून जे झाड मुलांना दवाखान्यात आणते, ते बहुतेक पालकांनी चित्रातही पाहिलेले नसते.

गुंजेचेही तसेच. फूल फिकट आणि साधे. ओळखीची आहे ती लाल-काळी बी. सोनाराच्या तराजूत ती वजन म्हणून होती, आजही माळांमध्ये आणि शोभेच्या वस्तूंमध्ये असते. तिच्यातले अ‍ॅब्रिन अत्यंत घातक आहे. बी अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे ती बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा फोडली तर धोका कितीतरी वाढतो.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. फोटोत पिवळे नाजूक फूल दिसते. सगळ्यात जास्त विष हिरव्या फळाच्या आतल्या बीमध्ये असते. याच बिट्ट्यांनी मुले खेळतात. त्यातली द्रव्ये हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतात. नाडी मंदावते, ठोके चुकतात, रक्तातले पोटॅशियम वाढते. हृदयाला लागू पडणारे डिजॉक्सिन हे औषध ज्या पद्धतीने काम करते, त्याच पद्धतीने हे विषही काम करते. त्यावरचा प्रतिपिंडांचा उतारा आहे. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी तो बिट्टीच्या रुग्णांवर वापरून परिणामकारक असल्याचे दाखवले आहे. पण तो महाग आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत सहज मिळत नाही.

धोतऱ्याचे फूल देखणे आहे, महाशिवरात्रीला ते शंकराला वाहतात. पण एमबीबीएसला न्यायवैद्यकशास्त्रात आमच्यासमोर जी काचेची बरणी ठेवतात, तिच्यात धोतऱ्याच्या बिया असतात. शेजारच्या बरणीत मिरचीच्या बिया. दोन्हींतला फरक सांगा, हा ठरलेला प्रश्न. धोतऱ्याची बी मोठी, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची. मिरचीची पिवळसर आणि गोलसर. पिढ्यानपिढ्या हा प्रश्न विचारला जातो, कारण खाण्यात मिसळते ती बी.

आणि रुई. इथे तर विष पोटात जाण्याचीही गरज नाही. मारुतीला घालायच्या माळेसाठी पाने तोडताना चीक उडतो, तोच हात डोळ्याला लागतो. बुबुळाच्या आतल्या थराला इजा होऊन नजर धूसर होते. कधी कधी दुखतही नाही, त्यामुळे रुग्ण उशिरा येतो. रुईच्या जांभळट फुलाचे क्लोजअप हवे तेवढे सापडतील. तुटलेल्या देठातून ओघळणारा पांढरा चीक किती फोटोंत दिसतो?

जुन्या चित्रकारांना हे कळत होते

वनस्पतींचे चित्र काढण्याची परंपरा मुळात शोभेसाठी वाढली नाही. ती मोठ्या प्रमाणात वैद्यांच्या गरजेतून वाढली. योग्य झाड उचलले तर औषध, चुकीचे उचलले तर मृत्यू. म्हणून चित्र हवे.

‘हॉर्टस मलबारिकस’ घ्या. मलबारच्या वनस्पतींवरचा हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने तो घडवून आणला, पण माहिती आली ती केरळातले वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित, आपु भट या तीन कोकणी वैद्यांकडून. या तिघांनी दिलेले कोकणीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. या ग्रंथातल्या चित्रांत फांदी, पान आणि फुलाबरोबर फळ आणि बीही दिसते. ‘ओडल्लम’ या अतिविषारी झाडालाही त्यात स्थान आहे. आजच्या शास्त्रीय नावातला ‘ओडोलम’ हा शब्द तिथूनच आला.

लंडनमध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईने १७३७ ते १७३९ दरम्यान ५०० औषधी वनस्पतींची चित्रे स्वतः काढली, स्वतः कोरली आणि स्वतः रंगवली. नवरा कर्जापायी तुरुंगात होता, घर चालवायचे होते. तिच्या पुस्तकाला डॉक्टरांनी पाठिंबा दिला, कारण ते उपयोगी होते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या विषारी झाडाच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यानेही झाडाचे रंगीत चित्र जोडले आणि पाने कधी गोळा करावीत, हेही लिहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेल्या कोलरच्या औषधी वनस्पतींच्या चित्रसंग्रहात मध्ये फांदी असते आणि कडेने फुलाचा छेद, फळ, फळाचा छेद, बी, प्रत्येकाला क्रमांक.

म्हणजे चित्रकार एकाच कागदावर वेगवेगळ्या ऋतूंतले झाड दाखवू शकत होता. कॅमेऱ्याला एका क्षणात ते जमत नाही, हे मान्य. पण चार फोटो शेजारी शेजारी ठेवायला कोणाची मनाई आहे? आजच्या मोबाइलमध्ये ते दोन मिनिटांचे काम आहे. अडचण तंत्राची नाही. फुलाच्या फोटोला दाद मिळते, कंदाच्या फोटोला मिळत नाही, एवढेच कारण आहे.

कळलावीचे दोन नावे

कळलावीला संस्कृतात अग्निशिखा म्हणतात आणि लांगलीही म्हणतात. पहिले नाव फुलावरून, दुसरे कंदावरून. लांगल म्हणजे नांगर, कंद नांगरासारखा वाकलेला असतो. नाव ठेवणाऱ्यांनी जमिनीवरचे आणि जमिनीखालचे, दोन्ही पाहिले होते. आपल्या फोटोंनी फक्त अग्निशिखा ठेवली.

जमिनीखालचे महत्त्वाचे आहे, कारण हा कंद रताळे किंवा दुसरा खाण्याजोगा कंद समजून खाल्ला जातो. त्यात कोल्चिसिन असते. पहिले काही तास रुग्णाला काहीच होत नाही. मग उलट्या आणि हगवण लागते, आणि घरच्यांना वाटते की पोट बिघडले आहे. त्यानंतरच्या दिवसांत रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्यावर परिणाम होतो. जगलेल्या रुग्णाचे केस साधारण दुसऱ्या आठवड्यात गळू लागतात. यावर नेहमीच्या वापरातला उतारा नाही. लवकर ओळखणे हाच मोठा आधार.

वेल फुलावर नसताना तिला ओळखायची खूण पानात आहे. पानाचे टोक लांब होऊन स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला धरते. क्लोजअपमध्ये नेमके हेच पान कापले जाते.

नेहमीचे आक्षेप

‘अहो डॉक्टर, सौंदर्य पाहू द्या की.’ पाहा ना. मी फोटो काढू नका म्हणत नाही, झाडे तोडा असे तर मुळीच म्हणत नाही. कळलावी तामिळनाडूचे राज्यफूल आहे, तिथे तिची शेतीही होते, कारण तिच्या बियांतून गाउटवरचे औषध मिळते. झाड वाईट नसते. फोटोखाली दोन ओळी लिहिल्याने पाकळीचा रंग उडत नाही.

‘नाव दिलेले असते, ज्याला हवे तो शोधेल.’ कोणते नाव? लाल-गुलाबी फुलांचीही कण्हेर आणि बिट्टीही पिवळी कण्हेर. एरंड वेगळा, मोगली एरंड वेगळा. बागेत लोंबणाऱ्या कर्ण्यासारख्या फुलांच्या झुडपालाही लोक धोतराच म्हणतात. गावागणिक नावे बदलतात. नुसत्या मराठी नावावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. शास्त्रीय नाव सोबत हवे.

‘औषधी आहे म्हणजे विषारी कशी?’ हा सर्वांत धोकादायक गैरसमज. विदरिंगचे फॉक्सग्लोव्ह औषधही होते आणि विषही, फरक मात्रेचा. कारखान्यात मोजून बनवलेल्या गोळीत मात्रा ठरलेली असते. झाडाला ती माहीत नसते. जमीन, ऋतू, झाडाचे वय यांनुसार विषाचे प्रमाण बदलते. म्हणून ‘औषधी’ एवढाच शब्द लिहून फोटो पाठवणे हे माझ्या मते बेजबाबदार आहे.

चौथा आक्षेप गंभीर आहे. ‘विषारी म्हणून सांगितले तर कुणी त्याचा वापर जीव द्यायला करेल.’ ही भीती खरी आहे. श्रीलंकेत बिट्टीच्या बाबतीत आणि केरळात ओडल्लमच्या बाबतीत हे घडले आहे. म्हणूनच ‘जगातली सर्वांत घातक सुंदर फुले’ अशा सनसनाटी यादींना माझा विरोध आहे. त्यांत थरार असतो, ओळख आणि उपचार नसतात. किती खाल्ले तर काय होते, हे लिहायची गरज नाही. कोणता भाग विषारी, कशाशी गल्लत होते आणि काय करायचे, हे लिहायची गरज आहे. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात स्वतःला संपवण्याचा विचार असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. मदत मिळते.

मागणी काय आहे?

निसर्गप्रेमी गट, छायाचित्रकार, रोपवाटिका, पाठ्यपुस्तके आणि रानभाज्यांची पत्रके काढणारे, सगळ्यांना उद्देशून:

१. फुलासोबत पान, फळ, बी आणि असल्यास कंद दाखवा.
२. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवा.
३. मराठी नावासोबत शास्त्रीय नाव द्या.
४. विषारी भाग कोणता, हे फोटोवरच लिहा. खालची ओळ फॉरवर्ड होताना गळून पडते, फोटो पुढे जातो.
५. कशाशी गल्लत होते ते दाखवा: कळलावीचा कंद आणि रताळे, धोतऱ्याची बी आणि मिरचीची बी.
६. ‘औषधी’ लिहायचे असेल तर ‘घरी वापरू नका’ हेही लिहा.

आणि तोपर्यंत

कुणी अनोळखी बी, फळ किंवा कंद खाल्ला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू यांत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा.

रुग्णासोबत झाडाची फांदी आणा; पान, फळ, उरलेली बी, जे मिळेल ते पिशवीत घालून. डॉक्टरांना शंका असेल तर ते दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला घेऊ शकतात, पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: नेमके काय खाल्ले? त्या वेळी नातेवाईक मोबाइल पुढे करून फुलाचा सुंदर फोटो दाखवतात, आणि रुग्णाने खाल्लेली असते बी. तो फोटो पाहून मला काहीच ठरवता येत नाही.

पुढच्या वेळी कळलावीचा फोटो काढाल तेव्हा काढा, जरूर काढा. मग एक पाऊल मागे या आणि पानासकट पूर्ण वेलीचाही एक काढा. दोन्ही एकत्र पाठवा आणि फोटोवर लिहा: ‘कंद अत्यंत विषारी, खाऊ नये.’