स्वस्ताईची परदेशवारी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या संगमनेरातील सुशिक्षित घरांत हल्ली एक नवा उद्योग सुरू होतो. पाठकोऱ्या कागदांवर आकडे मांडले जातात, मुलांच्या फोनवर विमानाची भाडी ताडून पाहिली जातात, आणि बँकॉक बरे की दुबई, की सिंगापूर, यावर रात्रीच्या जेवणानंतर तास तास खल चालतो. तेथे काय पाहावयाचे आहे याचा या चर्चेत फारसा उल्लेख नसतो. तेथे काय स्वस्त मिळते, यावरून देश ठरतो. मोठ्या बॅगेत लहान बॅग रिकामी घालून न्यावयाची व येताना दोन्ही भरून आणावयाच्या, हा बेताचा मुख्य भाग. आणि या सर्व खटाटोपाचे समर्थन विचारले तर उत्तर ठरलेले असते: "खरेदीतच खर्च वसूल होतो." आमचे भांडण या 'वसूल' शब्दाशी आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, स्वदेशीचे व्रत पुढे करून कोणाचे पाऊल मागे ओढण्याचा आमचा विचार नाही. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातकताईच्या सुताचे कपडे घालून गेले, १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली, हा इतिहास आम्हांस वंद्यच आहे; परंतु ज्याच्या खिशातला फोन व मनगटावरचे घड्याळ दोन्ही परदेशी, त्याने शेजाऱ्यास त्या होळीची आठवण द्यावी हे शोभत नाही. परदेशगमनाविरुद्धही आम्हांस एक अक्षर बोलावयाचे नाही. ज्यास ऐपत आहे त्याने अवश्य जावे. प्रश्न एवढाच, की जी गोष्ट निव्वळ हौस आहे तिला काटकसर म्हणावयाचे काय म्हणून?

एके काळी या समजुतीला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. १९७० च्या आसपास परदेशी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या हाती सरकार आठ डॉलर ठेवी. आयातीवर कडक निर्बंध होते. अशा काळात कोणाच्या घरी जपानी ट्रान्झिस्टर किंवा परदेशी नायलॉनची साडी आली, तर ती पाहावयास आळी लोटे, आणि ते साहजिकच होते; ती वस्तू येथे सरळ मार्गाने मिळतच नसे. १९९१ नंतर हे बांध फुटू लागले. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली व २०१५ साली ती अडीच लाख डॉलरांवर गेली. आज बँकॉकच्या दुकानात जे मिळते त्यातील बहुतेक नाशिकला मिळते, आणि नाशिकला न मिळाले तर घरबसल्या मागवता येते. कारण नाहीसे झाले, खोड तेवढी उरली.

आता वसुलीचा हिशेब पाहू. समजा, चार प्रौढ माणसांचे कुटुंब आहे व भाडे, व्हिसा, मुक्काम, जेवण मिळून प्रवासास दोन लाख रुपये लागतात. तेथे सर्व माल सरसकट पाव हिश्शाने स्वस्त मिळतो असेही, वादासाठी, मान्य करू. तर दोन लाख वसूल होण्यास येथे आठ लाखांस पडेल इतका माल तेथून सहा लाखांत आणावा लागेल. कोणत्या मध्यमवर्गीय घरास एका खेपेत आठ लाखांच्या कपड्यांची, अत्तरांची व चपलांची गरज असते, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे. बरे, आणला तरी जकात आहेच. २०१६ च्या नियमावलीने माणशी ५० हजार रुपयांचा माल जकातीवाचून सोडला, त्यावरील मालास शेकडा ३८.५ चा दर पडे, आणि चौघांची सवलत एकत्र करून एका महागड्या वस्तूस लावण्याची मुभा ठेवली नाही. म्हणजे सहा लाखांपैकी चार लाखांवर १ लाख ५४ हजार जकात. वसूल किती झाले? ४६ हजार! ती मर्यादा दीडपट धरली तरी दोन लाखांचे दोन लाख काही परत येत नाहीत. दूरचित्रवाणीचा सपाट संच तर २०१३ च्या ऑगस्टपासूनच या सवलतीतून वगळला गेला. शिवाय परक्या चलनात कार्ड वापरल्याबद्दल बँक शेकडा दोनतीन रुपये कापते ते वेगळेच. त्याची नोंद पाठकोऱ्या कागदावर आम्ही कधी पाहिली नाही.

सोन्याविषयीचा भ्रम याहून गाढ आहे. दुबईस चार दिवस राहून येणाऱ्या बायकांना अमुक तोळे दागिने बिनजकात आणता येतात, असे आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत शपथेवर सांगणारे गृहस्थ भेटतात. त्याच २०१६ च्या नियमावलीत दागिन्यांची ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यास आहे. चार दिवसांच्या पाहुण्यास नाही. आणि जुलै २०२४ मध्ये येथील सोन्यावरची आयात जकात शेकडा १५ वरून ६ वर उतरली तेव्हा दुबईच्या सोन्याचे निम्म्याहून अधिक आकर्षण तेथेच संपावयास हवे होते. दुबईतही २०१८ च्या जानेवारीपासून शेकडा पाचाचा कर बसला आहे, हे सांगितले की लोक आमच्याकडे संशयाने पाहतात.

बरे, माल तरी कोठला घेतात? दुबईत आमची मंडळी मीना बाजारात साड्या पाहतात. बँकॉकात पाहुरातच्या गल्ल्यांत शिरतात, जेथे कापडाच्या गाठी मांडून बसलेले बरेचसे व्यापारी मूळचे हिंदुस्थानातलेच. सिंगापुरात सेरंगून रस्त्यालगतच्या मुस्तफाच्या भव्य दुकानात रात्र काढतात, आणि त्या दुकानाचा मालकही मूळचा उत्तर प्रदेशचा. समुद्र ओलांडून जाऊन आपल्याच माणसाकडून हिंदीत घासाघीस करून साडी घ्यावयाची, आणि पैठणी जेथे विणली जाते ते येवले इथून मोटारीने दोन तासांच्या आत असताना तिकडे फिरकावयाचे नाही, याला व्यवहारज्ञान म्हणणाऱ्यांचे आम्हांस कौतुक वाटते.

अलीकडे तर लग्नाचा बस्ताही बाहेर बांधण्याची टूम निघाली आहे. आमच्या पेठेतील कापडवाले काही संत नव्हेत. त्यांची ठरलेली नक्षी, त्यांचा चढा भाव, आणि दहावी साडी उलगडावयास सांगितली की बदलणारा चेहरा, हे सर्व आम्ही सोसलेले आहे. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. उसाचे बिल यावयाचे असताना मुलीचे लग्न उभे राहिले, म्हणजे शेतकऱ्याच्या नावापुढे उधारी मांडून बस्ता बांधून देणारा माणूस हाच असतो. रोखीचे गिऱ्हाईक विमानाने जाणार आणि उधारीचे तेवढे पेठेस राहणार, तर ती उधारी किती दिवस टिकेल? हा भार परदेशवारीच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही, कारण तो जाणाऱ्यावर न पडता शेजारच्या खेड्यातील मुलीच्या बापावर पडतो.

घरात तो कोणावर पडतो? आमच्या मते, गृहिणीवर. निघण्यापूर्वी नणंदेची, जावेची, मावससासूची यादी तिच्याच हाती येते. चार दिवस ती दुसऱ्यांच्या मापाच्या चपला शोधत हिंडते, संध्याकाळी मुक्कामी बॅगांचे वजन करते, आणि घरी आल्यावर 'हिला दिले, मला नाही' हे बोलही तिलाच ऐकावे लागतात. यजमान मात्र वसुलीचे गणित चारचौघांत सांगून मोकळे. आयुष्यात प्रथमच समुद्र ओलांडलेल्या बाईने काय पाहिले असे तिला विचारून पाहा. चौथ्या मजल्यावर बॅगा स्वस्त होत्या, असे उत्तर येते. यात तिचा काही दोष नाही. तिला दुसरे काही पाहू दिलेच कोणी?

आमच्या वर्गास सुख उघडपणे घेण्याची लाज वाटते, हे या सर्वाचे मूळ आहे. तीस वर्षे हप्ते भरून, मुलांची शिक्षणे करून हाती थोडा पैसा आला, तर 'मला जग पाहावेसे वाटते' असे सरळ म्हणण्याचे धैर्य होत नाही. मग बचतीचा बुरखा घ्यावा लागतो. पूर्वी लोक याच्या उलट करीत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी, म्हणजे अगदी उघड द्रव्यासाठी. वाटेत बंडाळीत सापडले, लुबाडले गेले, आणि परतले ते आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन. वसुलीच्या दृष्टीने ही यात्रा साफ बुडीत! परंतु त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापले गेले आणि आजही घरोघर वाचले जाते.

कोणी म्हणेल, प्राध्यापकास पुस्तके वाचून जग पाहता येते, आम्हांस चार वस्तू आणल्यावाचून गेल्यासारखे वाटत नाही. आणा की! मुलीस एक छत्री आणा, आईस रेशमी रुमाल आणा, पण ते प्रवासाचे कारण करू नका आणि प्रवासाचा खर्च त्यांच्या माथी मारू नका. दोन लाख लागले तर वहीत 'हौस' असा रकाना काढून त्याखाली दोन लाख लिहावेत. तेवढे लिहिण्यास हात कचरत असेल तर बेत एक वर्ष पुढे ढकलावा; तिकिटे सोडतीत निघालेली नसतात.

बँकॉकच्या राजवाड्यातील वाट फ्रा केऊ या मंदिराभोवती लांबलचक ओवरी आहे. तिच्या भिंतींवर रामकथेचे १७८ प्रसंग रंगविलेले आहेत. त्यांत आपला हनुमान आहे, लंका आहे, सेतू आहे, आणि सर्वांचे वेष व मुकुट सयामी आहेत. ज्या घरात आजीच्या मांडीवर बसून रामायण ऐकलेले मूल असेल, त्याला त्या ओवरीतून हात धरून ओढावे लागेल. पाहुरातच्या कापडबाजारापासून ही जागा अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. यंदा जे निघाले असतील त्यांनी आपला बेताचा कागद काढून पाहावा, त्यात बाजारास किती तास दिले आहेत आणि या ओवरीस किती मिनिटे.