सीमोल्लंघन : गावाच्या आतले
आज विजयादशमी. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. आज सायंकाळी रामलीला मैदानावर रावणदहन होईल आणि घरोघरी आपट्याची पाने दिली-घेतली जातील. वेस ओलांडून सीमोल्लंघन केल्याचे समाधान आपणा सर्वांस लाभेल. परंतु प्रत्येक गावात आणखी एक सीमा असते. ती गाव आणि वस्ती यांच्यामधून जाते. ती कोणी ओलांडावयाची?

हा प्रश्न या भूमीस नवा नाही. येथील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तन करीत असता त्यांना देवळामागे जाण्यास सांगितले गेले, आणि प्रत्यक्ष देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. मागे लोटलेल्या भक्ताकडे देव तोंड फिरवितो, हा तिचा अर्थ होय.

विसाव्या शतकात असेच काहीसे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे घडले. घडविणारे मात्र वारकरी नव्हते. ते एक ख्रिस्ती दांपत्य होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. दुष्काळी मुलखात पाण्याची वाण होती आणि दूषित पाण्याने अर्भके दगावत होती. विंधनविहिरी घ्यावयाच्या ठरल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसविण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. पाणी हवे तर वस्तीत जाणे प्राप्त झाले. भाषणे न देता सारा गाव तिकडे वळला.

दुसरे पाऊल याहून मोठे होते. गावोगावच्या स्त्रियांमधून आरोग्यसेविका निवडण्यात आल्या. त्यांत अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. जामखेडला एकत्र राहून, एकत्र जेवून त्या बाळंतपण, लसीकरण व अतिसारावरील उपचार शिकल्या. काल जिचा स्पर्श टाळला जाई, तिच्याच हाती आज सवर्णांच्या घरची बाळंतीण सोपविली जाऊ लागली. प्रारंभी त्या परिसरातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. दोन दशकांत ते तिशीखाली आले. या दांपत्यास १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने हा प्रयोग जगापुढे मांडला आणि १९७८ च्या आल्मा आटा येथील आरोग्यविषयक जाहीरनाम्यामागील विचारास त्याने बळ दिले.

येथे एक शंका निघेल : सेवेआडून धर्मांतर तर होत नाही ना? शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही धर्मांतरितांची निराळी वसाहत उभारली होती. जामखेडची रीत याहून भिन्न. तेथे उपचारास वा शिक्षणास धर्म बदलण्याची अट नव्हती. बेथेलने पीडितांस गावापासून दूर नेले. जामखेडने गावालाच त्यांच्या दारी आणले. आणि मुळात, ज्यांना आपण वेशीबाहेर ठेवले त्यांना दुसऱ्याने जवळ केले, तर दोष प्रथम कोणाचा?

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ स्वयंसेविकांची योजना आणली. वसमत, कळमनुरी, सेनगाव या आपल्याच तालुक्यांतील गावांत त्या आज फिरत आहेत. सेविका आहेत, उणीव आहे ती त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या गावाची. जामखेडला शेतकरी मंडळे व महिला मंडळे तशी उभी राहिली होती. आपल्याकडे तर भजनी मंडळे, सप्ताह समित्या, देवस्थाने गावोगाव आहेत. सप्ताहाच्या पंगतीचा एक वाटा वस्तीतील कुपोषित बालकांस नित्य मिळावा, मंदिराच्या सभामंडपात महिन्यातून एकदा माताबालकांची तपासणी व्हावी, आणि तेथे पहिला मान वस्तीतल्या मातेस असावा. यास शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण काय?

औंढ्याचे देऊळ एकदा फिरले, असे आपण श्रद्धेने सांगतो. आज आपट्याचे पान देण्यासाठी आपली पावले कोणत्या दाराकडे वळतात, यावर त्या श्रद्धेची परीक्षा आहे.